पेटी पोचली की आधी हे वाच

लातूर,
आषाढ वद्य पंचमी

चि. सुशांत यास,
अनेक आशीर्वाद.

आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पेटी पाठवते आहे. सकाळी हडपसरला गाडीतळावर स्वतः उभा राहून उतरवून घे, आत तेलाचा कॅन आहे. ज्वारीचं पीठ 3 किलो, तूरडाळ 2 किलो, हुलग्याचं पीठ 1 किलो, येसर अर्धा किलो, काळा मसाला पाव किलो, मटकीचे सांडगे, चिंचेचा गोळा, जवसाची आणि कारळाची चटणी, लसणाच्या गड्ड्या आणि करडईचं तेल 2 लिटर, एवढं सामान आहे.

रोज रात्री काय करावं ते सुचत नाही, असं तू म्हणतोस आणि मग मोबाइलवर वीस-वीस जिन्नसांच्या पाककृती बघत बसतोस. आपल्याकडचं रात्रीचं जेवण इतकं अवघड नसतं रे. भाकरी, ती कुस्करायला एक पातळ कालवण आणि तोंडी लावायला काहीतरी तिखट. माळवं मिळालं तर भाजी, नाही मिळालं तर काही अडत नाही. आपला मुलूख कोरडवाहू, इथलं स्वयंपाकघर भाजीच्या टोपलीपेक्षा डब्यांवर जास्त चालतं. म्हणून तू एक भाकरी, एक फोडणी आणि या तीन-चार डब्यांचा वापर एवढं हाताखालून घाल. नंतर पाककृती शोधत बसावं लागणार नाही.

आधी पीठ. रब्बीची मालदांडी आहे, परवाच दळून आणली. खरिपाची संकरित ज्वारी कणसात असतानाच पावसात सापडते, दाणा काळा पडतो आणि भाकरीला गोडी राहत नाही. तिकडे स्वस्त पीठ दिसलं तर रंग बघ. करडट असेल तर सोड. पाकिटातलं पीठ घ्यायची वेळ आलीच तर दळल्याची तारीख वाच, कारण ज्वारीचं पीठ पंधरा-वीस दिवसांत विरी जायला लागतं. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेला फाटते आणि उचलताना मधोमध तुटते, मग मळणाऱ्याने कितीही जोर लावो. तुला दिवसाला दोन भाकऱ्या लागतात, म्हणजे साधारण 180 ग्रॅम पीठ. 3 किलो सोळा-सतरा दिवस जाईल. जास्त मुद्दामच दिलं नाही. त्यातलं निम्मं घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव आणि वापरायच्या अर्धा तास आधी बाहेर काढ.

गव्हाच्या पिठात ग्लूटेन असतं, त्यामुळे कणीक आपोआप धरून राहते. ज्वारीत ते नसतं. तिथे पिठाला धरून ठेवतं ते उकळत्या पाण्याने फुललेलं पिठातलं स्टार्च. म्हणून पाणी नुसतं कोमट नको, चांगलं उकळी फुटलेलं हवं. एका भाकरीला एक वाटी पीठ घे, मध्ये खळगा कर, त्यात पाऊण वाटीतलं निम्मं उकळतं पाणी ओत, उलथण्याने कालव आणि दोन मिनिटं झाकून ठेव. हाताला सोसेल इतकं झालं की उरलेलं पाणी थोडं थोडं घेत मळ. बोटांनी चिवडत बसू नको, तळहाताच्या टाचेने परातीवर पुढे रेटायचं, गोळा करायचा, परत रेटायचं. चांगली दोन-तीन मिनिटं. गोळा दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर अजून मळायला हवं किंवा दोन चमचे पाणी कमी आहे. हाताला चिकटत असेल तर पाणी जास्त झालं. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळ. चार भाकऱ्यांचं एकदम मळून ठेवलं की शेवटच्या दोन फाटणार हे ठरलेलं, कारण मळलेलं पीठ थंड झालं की त्याचा चिकटपणा जातो.

थापताना परातीत खाली पीठ भुरभुरव. बोटं जुळवून कडेकडेने थाप, मधे जोर देऊ नको. मधली जागा आपोआप पातळ होते, कडा जाड राहायला नको. भाकरी फिरत राहिली पाहिजे. अडकली की खाली पीठ कमी आहे. सुरुवातीला मोठी भाकरी जमत नसेल तर लहान कर, सात-आठ इंचांची. प्लॅस्टिकच्या कागदावर थापणारे आहेत, लाटणारेही आहेत. लाटलेली भाकरी खाता येते, पण तिला पापुद्रा नीट सुटत नाही. तेव्हा हाताने थापायचीच सवय लाव.

तव्याचं मात्र नीट बघ, बहुतेकांची भाकरी तिथेच बिघडते. तवा लोखंडी आणि जाड हवा, तुझा तो नॉनस्टिक डोश्यासाठी ठेव. पाण्याचा थेंब टाकल्यावर नाचत उडून गेला पाहिजे. भाकरी टाकताना पिठाची बाजू वर येते. टाकल्या टाकल्या तिच्यावरून पाण्याचा हात फिरव, सगळीकडे सारखा, कडेपर्यंत. उशीर केलास तर वरचं पीठ कोरडं पडून तडे जातात, आणि तडा गेला की वाफ तिथून निघून जाते, भाकरी फुगत नाही. पाणी वाळत आलं पण अजून ओलसर चकाकी आहे, तेवढ्यात उलट. ही दुसरी बाजू जरा जास्त भाजू दे, तांबूस ठिपके येईपर्यंत. मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट गॅसच्या जाळावर धर, टम्म फुगेल. जाळावर नको वाटलं तर तव्यावरच फडक्याने कडा दाबत फिरव. भाकरी वातड झाली तर तवा थंड होता आणि ती फार वेळ पडून राहिली. बाहेरून करपली आणि आतून कच्ची राहिली तर आच मोठी होती. भाजलेली भाकरी ताटात सपाट ठेवू नको, खाली पाणी सुटून चिखल होतो. दुरडी नसेल तर वाटीला टेकवून उभी कर.

आता फोडणी आणि भुरका. करडईचं तेल पहिल्यांदा वापरताना तुझ्या खोलीतल्या मुलांना वास उग्र वाटेल. घाण्याचं आहे, वास असणारच. तेल चांगलं तापू दे, मोहरी टाकायची घाई करू नको. कच्च्या तेलात केलेल्या फोडणीचा तो वास आमटीत शेवटपर्यंत राहतो.

भुरका म्हणजे तिखट तेल, लातूर-नांदेडकडचं रोजचं तोंडी लावणं. कढल्यात 3 मोठे चमचे तेल तापव, त्यात अर्धा चमचा जिरं, सात-आठ ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, एक चमचा तीळ. लसणाच्या कडा तांबूस झाल्या की गॅस बंद कर. आणि थांब. लसणाची चुरचुर अगदी बारीक होईपर्यंत थांब. मग दोन चमचे लाल तिखट, मीठ आणि दोन मोठे चमचे शेंगदाण्याचा जाडसर कूट घाल. आधी चिमूटभरच तिखट टाकून बघ. बारीक फेस येऊन तेल लालभडक झालं तर बाकीचं टाक. धूर आला, घरभर ठसका लागला तर तेल अजून कडक आहे, आणि ते सगळं तिखट टाकलं असतंस तर काळं आणि कडू झालं असतं. गरम भाकरीवर भुरका आणि वर दही असलं की त्या रात्री कालवण नसलं तरी चालतं. काचेच्या बरणीत आठवडाभर टिकतो, फक्त ओला चमचा घालू नको. काळ्या मसाल्यालाही हाच नियम: नुसत्या कडक तेलात कधी टाकायचा नाही, कांदा किंवा पाणी पडल्यावरच टाकायचा.

येसर हा डबा सगळ्यांत कामाचा, तो संपू देऊ नको. आपल्याकडे लग्नघरीसुद्धा मुहूर्ताने येसर-मेतकूट करतात, पण तुझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की घरात काहीही नसताना पंधरा मिनिटांत आमटी होते. यात 1 वाटी गहू, 1 वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी ज्वारी, पाव-पाव वाटी तांदूळ आणि उडीद डाळ, अर्धी वाटी धणे, 2 चमचे जिरं, दहा-बारा लाल मिरच्या, थोडं दगडफूल, लवंग, दालचिनी, मिरे, हळद आणि हिंग, असं प्रमाण आहे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजलाय, कारण गव्हाला तडतडेपर्यंत वेळ लागतो आणि तेवढ्यात धणे जळून जातात. बरेच जण सुकं खोबरंही भाजून घालतात. चव छान येते, पण महिन्या-दीड महिन्यात खवट वास मारतो, म्हणून घातलेलं नाही. तुला हवं तर करतेवेळी किसून घाल.

आमटीसाठी दोन वाट्या पाण्याला येसरचे दोन सपाट चमचे, पोह्याच्या चमच्याने. ते आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवून घे. कोरडं येसर थेट उकळत्या पाण्यात टाकलंस की गुठळ्या होतात आणि त्या मग पळीने कितीही दाबल्या तरी आत पीठ कोरडंच राहतं. भगुल्यात तेल जरा सढळ, दोन चमचे, मोहरी, जिरं, पाच-सहा लसणाच्या पाकळ्या, कढीपत्ता, हळद. त्यावर दीड वाटी पाणी, मीठ, सुपारीएवढी चिंच कोळून, अर्धा चमचा काळा मसाला. उकळी आली की कालवलेलं येसर ओत आणि ढवळत राहा. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळू दे. लवकर उतरवलीस तर पिठुळ लागते. वर तेलाचा तवंग आला की झाली. गार होताना दाट होते, म्हणून चुलीवर असताना थोडी पातळच ठेव. शेवगा, वांगं, बटाटा, उकडलेलं अंडं, यातलं काहीही त्यात चालतं. टोमॅटो मात्र घालू नको. हल्ली लोक सगळ्यातच टोमॅटो घालतात आणि मग सगळ्याची चव एक होते.

तूरडाळीच्या आमटीचं तुला ठाऊक आहे. फक्त डाळ वीस मिनिटं भिजव, शिजवताना हळद, हिंग आणि तेलाचे चार थेंब टाक, मीठ आणि चिंच डाळ शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की डाळ दडस राहते. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर या तिन्हींना भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे एका वाटी आमटीत आपला अर्धा जिल्हा. गूळ घातलास तर चिमूटभर घाल. तिकडच्या आमट्या गोड असतात, ती सवय लावून घेऊ नको.

कंटाळा आला असेल आणि भाकरी थापायची नसेल त्या रात्री वरणफळं. अर्धी वाटी डाळीचं पातळ फोडणीचं वरण, त्यात लसूण, तिखट, काळा मसाला. एक वाटी कणीक मीठ, हळद, ओवा, तेल घालून घट्ट मळ, पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे काप. वरण खळखळ उकळत असतानाच एकेक तुकडा सोड, सगळे एकदम टाकले तर एकमेकांना चिकटून गोळा होतो. बारा-पंधरा मिनिटं. शिजताना फळं पाणी ओढतात, तेव्हा वरण आपल्याला वाटतं त्याच्या दीडपट पातळ हवं. वरून तूप.

हुलग्याचं पीठ पावसाळ्यासाठी आहे. तिकडे त्याला कुळीथ म्हणतात. शेंगोळ्यांना 1 वाटी हुलग्याचं पीठ आणि पाव वाटी ज्वारीचं. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, जिरं, तीन हिरव्या मिरच्या, कोथिंबीर यांचं वाटण करून निम्मं पिठात घाल, निम्मं फोडणीला ठेव. हळद, मीठ, हिंग, चमचाभर तेल आणि गार पाण्याने घट्ट मळ. सैल झालं तर शेंगोळी पाण्यात पडताच विरघळतात आणि पिठलं होतं, मग कोणी काही म्हणो. तेलाच्या हाताने करंगळीपेक्षा बारीक वळ्या कर आणि दोन्ही टोकं जुळव. सुपारीएवढं पीठ बाजूला ठेव. फोडणीत चार वाट्या पाणी घालून खळखळ उकळी आण, आच न कमी करता शेंगोळी सोड आणि पहिली पाच मिनिटं डाव घालू नको, वर तरंगून घट्ट होऊ देत. मग झाकण ठेवून पंधरा मिनिटं. बाजूला ठेवलेलं पीठ पाण्यात कालवून शेवटी ओत, रस्सा अंगचा दाट होतो. एक शेंगोळं मोडून बघ, मध्ये पांढरट कोरडा ठिपका दिसला तर अजून पाच मिनिटं.

सर्दी झाली, तोंडाला चव नसली तर याच पिठाचं माडगं कर. दोन चमचे पीठ दोन वाट्या गार पाण्यात कालव, जिरं-लसूण-मीठ घालून सतत ढवळत सात-आठ मिनिटं उकळ, गरम गरम पी. गुळाचंही करतात, त्यात शेवटी दूध. गूळ विरघळून उकळत असताना दूध ओतलंस तर फाटतं, खाली उतरवून घाल.

सांडगे कोरडेच आमटीत टाकू नको. आधी चमचाभर तेलात तांबूस परत, मग पाणी. पंधरा मिनिटांत मऊ होतात. मिठाची चव शेवटी बघ, सांडग्यात मीठ आहे.

आता माळवं. पावसाळ्याचे दिवस आहेत, मंडईत बायका टोपल्या घेऊन बसतात तिथे जरा निरखून बघत जा. अंबाडी दिसली तर घे. एक जुडी, नुसती पानं. उकडून पाणी पिळून टाक, नाहीतर आंबटाने दात आंबतील. त्यात पाव वाटी तूरडाळ आणि मूठभर जोंधळ्याच्या कण्या शिजवून घोट, आणि वरून लसणाची खरपूस फोडणी, दहा-बारा पाकळ्या आणि तेल तीन-चार चमचे. अंबाडीला तेल कमी केलं की ती भाजी खाववत नाही. अॅल्युमिनियमच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ठेवू नको, कळकते. स्टीलचं घे. घोळूची भाजीही अशीच आंबटसर, पण ती मातीला धरून वाढते, चार पाण्यांनी धुतली नाही तर कचकच लागते. हिवाळ्यात करडईची कोवळी पानं येतील. ज्वारीच्या रानात करडईचे पाटे असतात, त्यांची विरळणी झाली की ती भाजी बाजारात येते. पानाला काटा धरायच्या आतच ती खायची.

कडवंची तुझ्या खोलीत कोणी पाहिली नसेल. बोटाच्या पेराएवढी, शिरा असलेली, हिरवीगार आणि कारल्याच्या नात्यातली. कोणी पेरत नाही, काळ्या रानात कंद जमिनीत राहतो आणि पाऊस पडला की वेल आपला आपण वर येतो. आणल्या दिवशीच कर, दुसऱ्या दिवशी पिकून उकलायला लागते. दोन्ही टोकं खुडायची, कोवळी असेल तर तशीच, जून असेल तर चिरून बी काढायचं, कारण जून बी दाताखाली खड्यासारखं येतं. मीठ लावून दहा मिनिटं ठेव, धुऊन घे, मग लसूण, कांद्यावर परत, शेवटी कूट आणि तिखट. पाणी घालायचं नाही, झाकणावर ठेवलं तरी पुरे. कडूपणा पूर्ण जात नाही, जाऊही नये. ज्याला कडू चालत नाही त्याला वाढू नको, वाया जाईल.

नुकतीच आषाढी झाली, द्वादशीला उपास सोडायला वाघाटी केली होती. तुला पुण्यात मिळाली तर लक्षात ठेव, आतल्या बिया एकही ठेवायच्या नाहीत, खूप कडू असतात. उकडायचं, पाणी फेकायचं, मगच फोडणी. आणि एक: रस्त्याकडेची, नाल्याकाठची रानभाजी आपण तोडून आणायची नाही, आणि ओळख नसलेली तर मुळीच नाही. विकणाऱ्या बाईला नाव विचार, कशी करायची तेही विचार. त्या नीट सांगतात.

तुझे मित्र विचारतील, तुमच्याकडे अजून काय काय विचित्र खातात. सांग त्यांना. बिब्बा अंगावर उततो, त्याच्या टरफलातल्या तेलाने कातडीला फोड येतात, पण त्याच फळातली गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात घालतो. मात्र घरी बिब्बे फोडायचे उद्योग करू नका, सोललेली गोडंबीच विकत घ्या. खाटकाकडून रक्ती आणून करणारी घरं आहेत. गोठलेलं रक्त मिठाच्या पाण्यात उकळून घट्ट झालं की कुस्करून भरपूर कांद्या-लसणावर कोरडं परततात. ते त्याच दिवशी झालं पाहिजे, उद्यावर ठेवायची वस्तू नाही. व्यालेल्या म्हशीचा चीक मिळाला तर पहिल्या दिवसाच्या एका वाटीला दोन-तीन वाट्या साधं दूध, गूळ आणि वेलदोडा, आणि वीस-पंचवीस मिनिटं वाफ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा चीक पातळ असतो, त्यात दूध मिसळलं तर तो थिजतच नाही. दुकानातला खरवस बऱ्याचदा चायनाग्रासवर थिजवलेला असतो, तो खाऊन चिकाचं मत बनवू नये.

संभाजीनगरच्या नान-खलियाचंही नाव ते काढतील. 1327 साली तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा लष्करासाठी सुरू झालेलं हे जेवण असं सांगतात. ते घरी होत नाही. नानला भट्टी लागते आणि खलियाला मोठा हंडा. तिथे गेलास तर खा. तहरी मात्र घरी होते, आणि 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो त्याची ती रोजची खूण. एक वाटी तांदूळ धुऊन अर्धा तास निथळ, तेलात कांदा, खडा मसाला, आलं-लसूण, हळद, बटाटा-वाटाणा-गाजर मिळून दोन वाट्या, तांदूळ हलके परत आणि सव्वादोन वाट्या गरम पाणी. झाकून मंद आचेवर, मधे ढवळायचं नाही. कुकरमध्ये केलीस तर पाणी पाव वाटी कमी, नाहीतर गिचका.

रात्री अकराला घरी आलास तर सुशीला कर. चुरमुरे तीन वाट्या, चाळणीत धरून वरून पाणी ओतायचं आणि लगेच दाबून पिळायचं. भिजत ठेवले की लगदा झाला समज. फोडणीत शेंगदाणे, हिरवी मिरची, कांदा, हळद, मग चुरमुरे, वरून दोन चमचे डाळ्याचं पीठ, मीठ, लिंबू. डाळ्याचं पीठ उरलेलं पाणी ओढून घेतं आणि सुशीला मोकळी होते, म्हणून ते चुकवू नको. शिळी भाकरी उरली असेल तर ती बारीक कुस्कर, ताकाचा हबका मार, पाच मिनिटांनी कांदा-लसणावर परत. ताक न शिंपडता टाकलीस तर तेलात कडक होऊन घशाला टोचते.

येळवशीला मात्र इकडे यायचंच आहे. मार्गशीर्ष अमावास्येची भज्जी दोघा-चौघांसाठी होत नाही, तू तिकडे करायचा प्रयत्न करू नको. ओली तूर, ओला हरभरा, वाटाणा, वालाचे दाणे, शेंगा, गाजर, वांगी, मेथी, पालक, चाकवत, कांद्याची पात, असं शेतात जे असेल ते सगळं, आणि चिंचेच्या पाण्यात कालवलेलं बेसन. दाणे आधी, पाला नंतर, बेसन सर्वांत शेवटी, आणि बेसन पडल्यावर एक माणूस फक्त ढवळायला, कारण मोठ्या भांड्याला तळाशी लागलं की सगळ्या भज्जीला करपट वास येतो. त्या दिवशीची आंबीलही आदल्या रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबवावी लागते. हुरडा त्यानंतर, पौषात. दाणा दाबल्यावर दूध निघत नाही पण अजून मऊ आहे, एवढे चारच दिवस तो चांगला असतो. सुट्टी त्या हिशेबाने टाक, आधी फोन कर, कणसं बघून मी तारीख सांगेन.

रिकामे डबे धुऊन, दोन दिवस उघडे वाळवून मगच येताना आण. ओला डबा बंद ठेवला तर पुढच्या पिठाला वास लागतो. आणि पीठ नेमकं किती दिवस पुरलं ते कळव, त्यावर पुढचं दळण ठरवते.

तुझी,
आई

ता. क. पेटीच्या तळाशी कागदात बांधलेली पुडी खड्या हिंगाची आहे. ती निघाल्याबरोबर वेगळ्या काचेच्या बाटलीत घाल. आणि तेलाच्या कॅनचं झाकण पुन्हा एकदा आवळून बघ, प्रवासात सैल होतं.